आभासी विमान कंपन्या आणि खरी शिस्त

डोक्यावरून विमान गेले की मान वर करून न पाहणारे मूल विरळाच. विमान चालविणे ही गोष्ट मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या केवळ पाहण्याचीच राहिली. त्या विद्येच्या दाराशी जाण्यासाठी लागणारा पैसा, ओळख आणि भाषा यांपैकी काहीच हाताशी नव्हते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र एक आगळे जग उभे राहिले आहे. जगभरातील हजारो माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसून विमाने चालवितात, त्याच वेळी दुसरी माणसे त्या विमानांना मार्ग दाखवितात आणि हे सारे खऱ्या हवाई वाहतुकीचे नियम पाळून, एक पैसाही न घेता चालते. आपल्या मुलांपैकी काहींचे या जगाशी नाते जुळू लागले आहे. पालकांना मात्र मुलगा ‘गेम खेळतो’ एवढेच दिसते. म्हणून हे जग नेमके काय आहे, ते कसे चालते, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

पायपेटीच्या भात्यातून जन्मलेली विद्या

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाचा तरुण राहत असे. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गन हे आपल्या पायपेटीच्या जातीचे वाद्य. हवेच्या भात्यांवर वाजणारे. त्याच भात्यांचा उपयोग करून लिंकने १९२९ मध्ये लाकडी विमानाची एक लहानशी खोळ अशी बसविली की आतील दांडा हलविताच ती खऱ्या विमानासारखी झुके, वळे. आरंभी लोकांनी तिला जत्रेतील करमणूक मानले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढग आणि अंधार यांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसल्यामुळे अनेक वैमानिकांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी या यंत्रात पहिले धडे गिरविले.

घरगुती संगणकावर ही विद्या आली ती ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. १९७९-८० च्या सुमारास त्यांनी त्या काळच्या लहान संगणकांसाठी उड्डाणाचा कार्यक्रम तयार केला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ‘फ्लाइट सिम्युलेटर’ या नावाने बाजारात आणला. तेव्हा पडद्यावर चार रेषांची धावपट्टी आणि काही ठिपके एवढेच दिसे. २०२० साली निघालेल्या आवृत्तीत उपग्रहचित्रांच्या आधारे साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग दिसू लागला. आपल्या गावाजवळची नदी आणि डोंगरही त्यात शोधता येतात. याखेरीज ‘एक्स-प्लेन’ हा दुसरा नामांकित कार्यक्रम आहे, आणि ‘फ्लाइटगिअर’ हा स्वयंसेवकांनी घडविलेला, पूर्णपणे मोफत मिळणारा तिसरा.

एकट्याचे आकाश सर्वांचे झाले

एकट्याने विमान उडविताना आकाश रिकामे असते. खऱ्या आकाशात मात्र दुसरी विमाने असतात आणि जमिनीवरून त्यांना सांभाळणारा हवाई वाहतूक नियंत्रक असतो. ही उणीव इंटरनेटने भरून काढली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही हौशी मंडळींनी वैमानिकांचे आणि नियंत्रकांचे संगणक एकमेकांना जोडणारी प्रणाली तयार केली. त्यातून १९९८ मध्ये ‘आयव्हीएओ’ आणि २००१ मध्ये ‘व्हॅट्सिम’ ही दोन मोठी जाळी उभी राहिली. दोन्हींचे सदस्यत्व विनामूल्य आहे, दोन्ही स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि दोन्हींवर भारतीय सदस्य कार्यरत आहेत.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते मुंबई-नागपूर या सुमारे ७०० किलोमीटरच्या आभासी उड्डाणावरून पाहू. वैमानिक प्रथम उड्डाणाचा आराखडा सादर करतो. त्यात विमान कोणते, मार्ग कोणता, इंधन किती, उंची किती हे सारे नमूद असते. उंचीलाही नियम आहे. सर्वसाधारणपणे पूर्वेकडे जाणारी विमाने ३३, ३५, ३७ हजार फूट अशा विषम आकड्यांवर, तर पश्चिमेकडे येणारी ३४, ३६ हजार अशा सम आकड्यांवर उडतात. त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या विमानांत निदान १,००० फुटांचे अंतर राहते. नागपूर पूर्वेकडे असल्याने आपला वैमानिक ३५ हजार फूट मागतो.

आता मुंबईच्या नियंत्रकांची साखळी सुरू होते. पहिला नियंत्रक आराखडा मंजूर करतो आणि चार अंकी संकेतांक देतो, म्हणजे रडारच्या पडद्यावर हे विमान ओळखू येते. या संकेतांकात ० ते ७ एवढेच अंक असतात, म्हणून एकूण संकेतांक होतात ४,०९६. आठचा चौथा घात म्हणजे काय, हे ज्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात नीरस वाटते, त्याला येथे त्याचा अर्थ कळतो. दुसरा नियंत्रक विमानाला जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेतो. तिसरा, टॉवरमधील, उड्डाणाची परवानगी देतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे नाव २७, कारण ती २७० अंशांच्या, म्हणजे पश्चिमेच्या, दिशेला आहे. तीच धावपट्टी उलट बाजूने वापरली की ०९ होते. २७ वरून उडालेले विमान काही क्षणांत अरबी समुद्रावर येते आणि मग पूर्वेकडे वळते. पुढे त्याची सूत्रे मोठ्या क्षेत्राच्या नियंत्रकाकडे जातात.

उतरण्याचे गणितही मनोरंजक आहे. दर १,००० फूट खाली येण्यास साधारण ३ सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. ३५ हजार फुटांवरून नागपूरच्या सुमारे १ हजार फूट उंचीच्या विमानतळावर उतरायचे, म्हणजे ३४ गुणिले ३, अर्थात १०२ सागरी मैल, किंवा सुमारे १९० किलोमीटर. याचा अर्थ, अकोला आणि अमरावती यांच्या दरम्यान कोठेतरी असतानाच नागपूरची उतरण सुरू करावी लागते. त्रैराशिक आणि भूगोल येथे एकाच वहीत येतात.

प्रत्येक जागी नियंत्रक हजर असतोच असे नाही, कारण सर्वच स्वयंसेवक. वरच्या दर्जाचा नियंत्रक उपस्थित असेल, तर तो खालच्या जागांचेही काम पाहतो. कोणीच नसेल, तर वैमानिक ठरलेल्या सामायिक लहरीवर आपण काय करणार आहोत ते स्वतः जाहीर करतात आणि एकमेकांना वाट देतात. पाहणारा कोणी नसतानाही नियम पाळले जातात, हे आम्हांस या जगाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

परत म्हणून दाखविण्याचा नियम

नियंत्रकाने सांगितलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी, हा या जगातील पहिला धडा. आकडे सुटे सुटे उच्चारायचे. ‘दीडशे’ म्हणायचे नाही, ‘वन फाइव्ह झिरो’ म्हणायचे. नऊचा उच्चार ‘नाइनर’ करायचा, म्हणजे तो पाचशी मिसळत नाही. नवख्याला हे पाठांतर निरर्थक वाटते. या नियमांमागे किती प्राणांचे मोल आहे, ते मात्र समजून घेतले पाहिजे.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळाली आहे की नाही, याविषयी संभाषणात संदिग्धता राहिली, हे त्यामागील एक कारण होते. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, अन्यथा ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

आपल्या देशातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाक विमान यांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मरण पावले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबण्याची सूचना होती, परंतु ते त्याखाली उतरले. सौदी विमान १४ हजार फुटांवर होते. चालकदलाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हाही चौकशीत पुढे आलेला मुद्दा होता. आभासी आकाशात नवखा वैमानिक चुकीची उंची परत म्हणतो आणि नियंत्रक त्याला शांतपणे दुरुस्त करतो, तेव्हा चरखी दादरीच्या ३४९ जिवांनी मागे ठेवलेला धडाच तेथे पुन्हा गिरविला जात असतो.

या संकेतांत सहृदयताही आहे. ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा ज्याच्याजवळ मायक्रोफोन नाही, त्याने आराखड्यात तशी खूण करावी. नियंत्रक त्याच्याशी लेखी संदेशांतून व्यवहार करतो. अपहरणाचा प्रसंग खेळण्यास मात्र सक्त मनाई आहे. आपत्तीचा सराव करता येतो, परंतु कामाच्या गर्दीमुळे नियंत्रकाने नकार दिला, तर वैमानिकाने तो थांबविला पाहिजे. दुसऱ्याचा वेळ ही येथे संपत्ती मानली जाते.

आभासी विमान कंपनी म्हणजे काय?

या वैमानिकांनी एकत्र येऊन स्थापन केलेली मंडळे म्हणजे आभासी विमान कंपन्या. त्यांच्याजवळ ना विमाने असतात, ना तिकिटे, ना नफा. असते ते वेळापत्रक, बहुधा खऱ्या कंपन्यांच्या धर्तीवर बेतलेले. नवा सदस्य अर्ज भरतो, काही ठिकाणी लहानशी परीक्षा देतो आणि शिकाऊ म्हणून दाखल होतो. तो वेळापत्रकातील उड्डाण निवडतो, ते पूर्ण करतो आणि अहवाल सादर करतो. संगणकावरील एक लहान कार्यक्रम किती इंधन लागले, वेग मर्यादेत होता की नाही, चाके जमिनीला टेकताना विमान मिनिटाला किती फूट वेगाने खाली येत होते, याची नोंद ठेवतो. तास वाढतात तशी पदोन्नती होते. लहान विमानावरून मोठ्या विमानावर, सहवैमानिकावरून कप्तानपदावर.

काही मंडळे खऱ्या कंपन्यांची नावे घेतात, काही स्वतःची नावे योजतात. नाव आणि बोधचिन्ह ही खऱ्या कंपनीची मालमत्ता असते, त्यामुळे तिने हरकत घेतली तर मंडळाला ते सोडावे लागते. खर्च सदस्यांच्या देणग्यांतून भागतो. वेळापत्रक कोणी लावायचे, नवागतांना कोणी शिकवायचे, तंटे कोणी सोडवायचे, ही कामे वाटून घेतलेली असतात. अशी मंडळे निघतात आणि बंदही पडतात. टिकतात ती बहुधा नवागतांना शिकविण्याकडे लक्ष देणारी, असे आमचे निरीक्षण आहे.

शिकविण्याची ही परंपरा नियंत्रकांच्या बाबतीत तर फारच काटेकोर आहे. नियंत्रक होऊ इच्छिणाऱ्याला अगोदर अभ्यास करावा लागतो, लेखी परीक्षा द्यावी लागते, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सराव करावा लागतो, मगच पुढील पायरी. जमिनीवरील हालचाल, टॉवर, विमानतळाभोवतीचे क्षेत्र आणि शेवटी विस्तीर्ण हवाई क्षेत्र अशा त्या पायऱ्या आहेत. शिकविणाऱ्याला मोबदला मिळत नाही. त्याला कोणीतरी असेच शिकविलेले असते, एवढेच कारण त्याला पुरते.

वर्षातून दोनदा व्हॅट्सिमवर ‘क्रॉस द पाँड’ नावाचा मोठा मेळा भरतो. एका खेपेस युरोपातून अमेरिकेकडे आणि दुसऱ्या खेपेस उलट दिशेने, शेकडो आभासी विमाने अटलांटिक महासागर ओलांडतात. प्रत्येकाला निघण्याची वेळ नेमून दिलेली असते. महासागराच्या मध्यावर रडार पोहोचत नाही. तेथे ठरावीक बिंदूंवरून आपले स्थान, वेळ आणि उंची कळवीत जाण्याची जुनी पद्धत गिरविली जाते. इतकी माणसे, इतक्या देशांतून, एका वेळापत्रकाने वागतात आणि त्यांच्यावर नियमाखेरीज दुसरा कोणताही धाक नसतो.

पालकांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

आता दुसरी बाजूही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. घरच्या संगणकावरील हजार तासही वैमानिकाच्या परवान्यासाठी एक तासाइतके धरले जात नाहीत. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम इत्यादी विषयांच्या परीक्षा आवश्यक असतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेण्याची अट आजवर राहिली आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसी येथेही प्रशिक्षण दिले जाते. परंतु हा खर्च कित्येक लाखांचा, सामान्य घराला शेत गहाण टाकायला लावील असा आहे. तेव्हा ‘संगणकावर छान उडवितो, म्हणजे वैमानिक होणार’ असे समजून कोणीही कर्जाच्या कागदावर सही करू नये. आभासी कंपनीतील कप्तानपदाचे प्रमाणपत्र दाखवून नोकरी मिळत नाही आणि तसे आमिष दाखविणाऱ्यापासून सावध राहावे.

संगणकावर शरीराला वेग जाणवत नाही, कान फसत नाहीत, भीतीही वाटत नाही. केवळ उपकरणांकडे पाहण्याची सवय जडलेल्या विद्यार्थ्याला खऱ्या विमानात बाहेर पाहायला पुन्हा शिकवावे लागते.

दुसरी बाब वेळेची. हे जग ग्रीनिचच्या प्रमाणवेळेवर चालते आणि युरोपातील संध्याकाळी त्याला बहर येतो. तेथील सायंकाळचे ६ म्हणजे, ग्रीनिचच्या वेळेने, आपल्याकडील रात्रीचे साडेअकरा. वाढत्या वयाच्या मुलाने त्या वेळी झोपलेलेच बरे. विकतची विमाने आणि विमानतळ संग्रही ठेवण्याचा नाद महागात पडतो. चोरून उतरविलेल्या प्रती तर घेऊच नयेत. अनोळखी माणसांशी बोलताना घरचा पत्ता, दूरध्वनी, छायाचित्रे देऊ नयेत, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

दुसरे दार

मग आमच्या विद्यार्थ्यांना यातून काय मिळेल? आमच्या मते, खरा लाभ पडद्यावरील विमानापेक्षा पडद्यावरील रडारशी निगडित आहे. वैमानिकाची विद्या महाग आहे. हवाई वाहतूक नियंत्रकाची विद्या मात्र तशी नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण कनिष्ठ कार्यकारी या पदावर नियंत्रकांची भरती स्पर्धा परीक्षेद्वारे करते. भौतिकशास्त्र आणि गणित यांसह विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी, इंग्रजीवर प्रभुत्व आणि स्पष्ट वाणी या त्यासाठी मुख्य अपेक्षा आहेत. राखीव जागा आणि वयोमर्यादेतील सवलत नियमानुसार मिळते. निवड झालेल्यांना प्राधिकरण स्वतः प्रशिक्षण देते. त्यासाठी प्रयागराज येथे १९४८ पासून नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय आहे. खेड्यातील कितीतरी हुशार मुलांना या पदाचे नावही ठाऊक नसते, कारण विमान म्हटले की त्यांना फक्त वैमानिक दिसतो.

आभासी नियंत्रणाचा सराव ही परीक्षा उत्तीर्ण करून देणार नाही. परंतु इंग्रजीतील सूचना न घाबरता ऐकणे, मोजक्या शब्दांत उत्तर देणे, चार विमानांची उंची एकाच वेळी मनात ठेवणे, चूक झाल्यास आवाज न चढविता ती सुधारणे, या गोष्टी तो निश्चित शिकवितो. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाला हे माध्यम विशेष मानवेल, कारण येथे सफाईदार वाक्यांची अपेक्षा नसते, ठरलेली वाक्येच बोलायची असतात. शिवाय रडारच्या कार्यक्रमाला विमानाच्या कार्यक्रमाइतका बलाढ्य संगणक लागत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. आपल्यापैकी जे संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी एक-दोन जुने, परंतु चालू संगणक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी द्यावेत आणि त्यांवर ‘फ्लाइटगिअर’ बसवून द्यावे. आठवड्यातील एक संध्याकाळ, दिवे मालवण्याच्या वेळेआधी, चार विद्यार्थ्यांचा एक गट बसावा. एकाने विमान चालवावे, दुसऱ्याने नकाशा आणि इंधनाचे गणित पाहावे, तिसऱ्याने नियंत्रक व्हावे, चौथ्याने बोललेला प्रत्येक शब्द वहीत टिपावा आणि शेवटी चुका वाचून दाखवाव्यात. मग जागा बदलाव्यात. इंटरनेट नसले तरी हे जमते. नियंत्रक दुसऱ्या बाकावर बसून बोलला तरी सूचना परत म्हणून दाखविण्याचा नियम तोच राहतो. त्या चौघांपैकी एखादा उद्या वैमानिक होईल, एखादी प्राधिकरणाची परीक्षा देईल, उरलेले कदाचित विमानाच्या वाटेला जाणारही नाहीत. तरीही ऐकलेले नीट समजले की नाही हे विचारून खात्री करून घेण्याची सवय त्या चौघांनाही जन्मभर उपयोगी पडेल.